हजर होत्या, चढल्या नाहीत

४ मे

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. बाबांना नमस्कार सांग आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. साथीमुळे टपाल बंद आहे म्हणून कागदाचा फोटो काढून पाठवते आहे, पण अक्षर माझंच आहे. बाबा म्हणजे उभा जन्म छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेला माणूस. वेलांटी चुकली तर नाकातली नळी बाजूला सारून ओरडेल, म्हणून दोनदा तपासलंय.

मी बरी आहे. मी कामाला आहे त्या आमच्या आजींचं पहिल्यासारखंच. डावी बाजू लुळी पडल्यापासून गेली तीन वर्षं मीच त्यांचे हातपाय. एके काळी शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे मी कूस बदलून देत असले की आकडे मोजतात आणि सतरावर हमखास अडतात. मी हळूच 'अठरा' म्हटलं की रागावतात, "मला येतं!" त्यांची लेक सीमेपलीकडे, गाडीने जेमतेम दोन तासांवर राहते. पण सीमा बंद. दोन तासांचं अंतर आणि माझं अंतर सध्या सारखंच झालंय.

वकिलातीत नाव नोंदवलं आहे. आठवड्याला एक विमान, तेही सुटेल तेव्हा खरं. बाबा, मी येतेय, तोवर चिमीला छळू नका.

खालचं तुझ्यापुरतं, वाचून दाखवू नकोस. अर्जात मी 'वडील अत्यवस्थ' असं लिहिलंय. काल बोलता बोलता व्हिडिओ बंद पडला, इथलं नेट फार वाईट आहे. तू म्हणालीस, "ताई, तू आलीस की मी सुटले. तुला यातलं कळतं." येते गं. जागा मिळाली की एक क्षण थांबणार नाही.

तुझी,
ताई


२८ मे

चिमे,

चार दिवस झाले बाबांना जाऊन. फोनवर तू रडतेस आणि मी नुसती "हो, हो" करते, म्हणून लिहायला बसले.

तू एकटीने सगळं केलंस. भाजी चिरताना बोट कापलं तर चक्कर येऊन पडणारी तू. त्यांचं अंग पुसलंस, रात्री जागलीस, शेजारच्या काकांना घेऊन शेवटचं सगळं उरकलंस. काकू म्हणाली ना, "मोठीला यायचंच नव्हतं"? आणि तू तिला दारातूनच परत पाठवलंस म्हणे. असं करू नकोस. घरात आता माणसं राहिलीत किती.

मला बोलावणं आलंच नाही, चिमे. वकिलातीच्या खिडकीवरच्या कारकुनाकडून माझं नाव यादीत घ्यायचं राहून गेलं असणार. तीन हजार नावं, त्यात एक कुठे हरवायला कितीसा वेळ. आता त्याला बोल लावून काय उपयोग? तो विषय सोडून दे.

वेळेवर जेवत जा. बाबांचे कपडे इतक्यात आवरू नकोस. किंवा आवर. मला काही सुचत नाही.

ताई


१५ जुलै

चिमे,

हे पत्र फोटो काढून पाठवत नाही. टपाल सुरू झालंय; तीन आठवडे लागतील म्हणतात, लागू देत. तू वाचलंस की नाही ते फोनवर बघत बसायची माझी हिंमत नाही.

परवा वकिलातीतून फोन आला. मी विषय सोडून दे म्हटलं आणि तू सोडला नाहीस, हे मला तेव्हा कळलं. तू तक्रार केलीस. चार पानी, म्हणाले ते साहेब. 'एका कारकुनाच्या हलगर्जीपणामुळे माझी बहीण वडिलांचं तोंड पाहू शकली नाही.' त्या माणसाला पंधरा दिवस घरी बसवलंय. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "बाई, आमच्या कागदावर तुमच्या नावापुढे बारा मेची नोंद आहे. हजर होत्या, चढल्या नाहीत. तुमच्या बहिणीला काय कळवू?" मी म्हटलं, तुमच्या माणसाची काही चूक नाही, तसं तुम्हाला लेखी देते. बहिणीला मी कळवते.

लेखी त्याच दिवशी दिलं. तुला कळवायला दोन दिवस लागले.

नऊ तारखेला बोलावणं आलं होतं. बारा मे, दुपारी दोनचं विमान. ऐनवेळी रद्द होतात म्हणून तुला सांगितलं नाही. उतरल्यावर सगळ्यांना सात दिवस कोंडून ठेवत होते. बारा आणि सात एकोणीस. बाबा चोवीसला गेले. पाच दिवस. आजींसारखी मीही आता मोजत असते आणि पाचवर येऊन थांबते.

त्या दिवशी सकाळी आजींना भरवलं, बॅग घेतली. माझ्या जागी येणारी बाई वाटेत आहे असं तिनेच फोनवर सांगितलं होतं, म्हणून किल्ली खालच्या चप्पल दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडे ठेवून निघाले. विमानतळावर दोन-दोन हात अंतर राखून रांग. कपाळाला यंत्र लावून ताप बघत होते. माझं सगळं झालं. पासावर जागेचा नंबरसुद्धा आला, बावीस नंबरची, खिडकीची.

तेवढ्यात आजींच्या लेकीचा फोन. ती बाई तापाने अर्ध्या वाटेतून परतली होती.

इथे थांबले तर तुला वाटेल, बिचारी ताई, त्या पांगळ्या म्हातारीसाठी मागे फिरली. तू काकूला तेच सांगशील, आणखी मान वर करून. म्हणून पुढचंही लिहिते.

लेक म्हणाली, "तुम्ही जा. मी खालच्यांना फोन केलाय, ते वर जाऊन बसलेत. संध्याकाळपर्यंत दुसरी बाई मिळतेय. तुमच्या वडिलांकडे जा, माझ्यासारखं होऊ देऊ नका." मी त्या गृहस्थांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, आम्ही दोघं मजेत आहोत. त्या मला पाढे म्हणायला लावतायत. निघा तुम्ही."

मला अडवणारं कुणी नव्हतं, चिमे. एक माणूससुद्धा नाही.

मी बाकावर बसले. नावं पुकारत होते. माझं तीनदा पुकारलं. माझे पाय काही बांधलेले नव्हते, पण मी उठले नाही.

त्या बंद पडलेल्या व्हिडिओचं सांगते. नेट चांगलं होतं. तू फोन बाबांच्या तोंडाशी नेलास आणि मी त्यांची छातीवरच्या हाताची निळसर नखं बघितली, दोन शब्दांच्या मधे ते किती वेळ थांबतात ते बघितलं, आणि बंद केलं. आजींच्या आधी इथे मी चार म्हाताऱ्या माणसांना शेवटपर्यंत सांभाळलंय. किती दिवस उरलेत ते मला चेहऱ्यावरून कळतं. बाबांचं कळलं. तुला वाटत होतं मी आले की मला सगळं जमेल. परक्याचं जमतं गं. परक्याचं अंग पुसताना हात थरथरत नाही, त्याने डोळे फिरवले तरी मी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवते. पण ज्यांनी मला अक्षर गिरवायला शिकवलं त्यांचा श्वास मोजत बसायचं, तू दाराशी उभी राहून विचारणार, "ताई, आता काय करायचं?" आणि काहीच करायचं नाही हे मी सांगायचं. त्या बाकावर मला हे सगळं समोर घडल्यासारखं दिसलं. भ्याले. दुसरा शब्द नाही.

आणि मनात असंही आलं की चिमी आहे ना तिथे. हे लिहायला सगळ्यात जड गेलं.

विमानाचं दार बंद झाल्यावर काउंटरवर जाऊन विचारलं, माझी जागा कुणाला मिळाली का. तिथे जमिनीवर प्रतीक्षा यादीतली एक बाई बसून रडत होती, सकाळपासून. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "वेळ संपली, मॅडम. आता नाही देता येत." बावीस नंबरची जागा रिकामी गेली. मला नको होती, आणि जिला हवी होती तिलाही मी मिळू दिली नाही.

घरी आले तेव्हा ते गृहस्थ खुर्चीत पाढे म्हणत होते. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. "रद्द झालं?" मी मान हलवली. विमानाचं खोटं तिथून सुरू झालं, मग तुझ्यापर्यंत आलं. आजींनी विचारलं, "कोण आलंय?"

तू मला सांगितलंस की वीस तारखेला बाबांनी तुझ्याकडून दाढी करून घेतली, मोठी येईल तेव्हा खुंट टोचायला नकोत म्हणून. तुझा हात हलला, हनुवटीला कापलं, आणि रक्त बघूनही तुला चक्कर आली नाही. हे तू मला अभिमानाने सांगत होतीस. मी "हो, हो" म्हणाले.

या महिन्यात सीमा उघडली. आजींची लेक आली आणि आईला घेऊन गेली. जाताना माझे हात हातात धरून म्हणाली, "तुम्ही जायला हवं होतं." आभार मानत होती की आणखी काही, मला कळलं नाही. महिनाअखेरपर्यंत या घरात राहायला सांगितलंय. रिकाम्या पलंगाची चादर रोज बदलते. आता आठवड्याला चार विमानं आहेत, मागेल त्याला जागा मिळते. मी मागितलेली नाही. तू बोलावल्याशिवाय कुठल्या तोंडाने येऊ?

काकूची माफी माग. ती म्हणाली ते खरं होतं. त्या कारकुनालाही दोन ओळी लिही. पत्ता मागे लिहिलाय. मी लिहिल्यात, पण तक्रार तुझ्या नावाने गेली आहे.

माफी मी मागत नाही. मागितली तर तू देशील, लहानपणापासून तुला ती खोडच आहे. मग तुझ्याजवळ राग धरायलाही काही उरणार नाही, आणि मी 'येते गं' लिहिल्यापासूनच्या त्या वीस दिवसांनंतर निदान तेवढं तरी तुझं असावं.

तुला एकटीला तिथे ठेवणारी,
तुझी मोठी बहीण