तेजूच्या शेजारचं विरजण

गिरगाव, मुंबई
१२ जानेवारी २००४

चि. गोरखला आईचा मुंबईहून आशीर्वाद. अक्षर तुझ्या लेकीचं, बोल माझे. पदरचं काही घालायचं नाय, असा तेजूला दम दिलाय.

तिनं भाड्यानं घेतलेली खोली झ्याक हाय. वर लाकडी माळा, त्यावर अंथरूण. आपण माळ्यावर लसूण ठेवतो, हितं भाडं भरून माणूस झोपतं! शिडीला कठडा नाय, तेवढा तू मालकाला कळवून बसवून घे. खाली रस्त्यावर रोजची जत्रा, मला लई करमतं.

तू म्हणालास, "पोर एकटी पडलीय, हाताला धरून घेऊन ये." म्हणून आधी शेजार तपासला. वाटी घेऊन विरजण मागत फिरले. ज्या दारी गेले तिथं विरजण मिळालं, वर विचारणा, "तेजूच्या आजी का? तिचा ताप उतरला ना?" खालच्या राखीबाईंनी तर तापात दोन्ही वेळची खिचडी पोचवली.

ताप आपल्याला कळवला नव्हता. हे लिहिताना मान खाली गेलीय तिची.

सूनबाईची कंबर कशी हाय? द्राक्षं गोड झाली का?

रविवारी एसटीनं येते. नारायणगावला जीप सांगू नको, तुझी मोटारसायकल पुरे. मी एकटीच येतेय.

तुझी आई
कुशाबाईचा अंगठा