ह्यांना ऊन कमी पडलं

११ जाने., रविवार
रिपोर्ट आला. साखर वाढलेलीच. व्हिटॅमिन डी फारच कमी. ह्यांनी कागद हातातून घेतला, परत परत वाचला. "उमेळ्याच्या वाडीत जन्म गेला माझा. उघड्या पाठीने केळींना पाणी दिलं. आणि मला ऊन कमी?" चेहरा बघवेना. वाडी विकून बोळिंजच्या फ्लॅटमध्ये यायचं मीच ठरवलं. इथे ऊन समोरच्या बिल्डिंगला मिळतं.
डॉ.नी डीची आठवड्याला एक पुडी दिली, दुधातून. जिना चढताना छाती भरून येते म्हणून हृदयाची तपासणीही सांगितली, मशीनच्या पट्ट्यावर चालवून करतात ती. ती आधी, असं बजावलं.

१७ जाने., शनिवार
नणंद मंदा आली, उमेळ्यालाच राहते, तिथली भाजी घेऊन. "वहिनी, आमच्या शेजारच्या काकांचं हार्ट पुडीनेच सुधारलं. दादाला मशीनवर कशाला पळवता? घोडा हाय का तो?" हे पोट धरून हसले. किती दिवसांनी. म्हणून मी गप्प बसले. तर संध्याकाळी ह्यांनी परस्पर फोन करून तपासणी पुढे ढकलली!

२० जाने., मंगळवार
ह्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीय. डबीत तशीच दिसली म्हणून विचारलं. "आता पुडी आहे ना हृदयाला." अगदी शांतपणे.
लगेच डॉ.ना फोन. म्हणाले, डी कमी आहे ते भरून काढतोय, हाडांसाठी. डायबेटिसवाल्यांत डी कमी आणि हृदयाचा त्रास पुष्कळदा जोडीने दिसतात, पण पुडीने हृदय वाचतं असं सिद्ध झालेलं नाही. गोळी चालू ठेवा, तपासणी करा.
ह्यांना शब्द न् शब्द सांगितला. "तू बी.एस्सी. बाई, तुला सगळं कळतं." गोळी घेतली मात्र. गिळली हे दाखवायला जीभ बाहेर काढली.

२५ जाने., रविवार
हे रोज सकाळी रिक्षाने उमेळ्याला जातात. वाडी घेणाऱ्याने अजून बांधकाम काढलेलं नाही. विहिरीच्या कठड्यावर शर्ट काढून बसतात म्हणे. पुडी आहे, ऊन आहे, झालं! परत येतात तेव्हा चेहरा उजळलेला. रागवायला तोंड उघडते आणि…
तपासणी गुरुवारी. नक्की.

२८ जाने., बुधवार
वाडीतच झालं. घाम फुटला, अंग गार, धाप. छातीत दुखलं नाही. मंदाला वाटलं साखर उतरली. साखरपाणी पाजलं, सावलीत निजवलं, बरं वाटायची वाट बघत बसली. मग मला फोन.
हार्ट अटॅक. डायबेटिसमध्ये कधी कधी दुखत नाही, असं इथे हॉस्पिटलमध्ये डॉ. म्हणाले. वेळ गेला तो गेला.
मंदा दाराशी रडते आहे. "मीच पाजलं वहिनी, या हातानी." तिला काय बोलू? मीही साखरपाणीच दिलं असतं.

३१ जाने., शनिवार
तीन नसा बंद. हृदयाची ताकद फार कमी. बायपासमध्ये धोका आहे, न करण्यातही आहे. सोमवारी सकाळपर्यंत सांगा.
"अहो, काय करायचं?"
"तू ठरव."
टोमणा असेल म्हणून नीट पाहिलं. नव्हता.

१ फेब्रु., रविवार
मंदा म्हणते, नको कापाकापी, दादाला घरी आनू. डॉ. आमच्या उत्तरासाठी थांबलेत.
मुलाची शाळा, वाडीचा सौदा, ह्यांचं पथ्य, सगळं मी एका वाक्यात ठरवत आले. कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. आज ते वाक्य तोंडातून निघेना. ह्यांचा हात धरून म्हटलं, या वेळी तुम्ही सांगा ना. म्हणाल तसं करीन.
ह्यांनी मान माझ्याकडे वळवली.
"घाबरलीस?"
हो म्हटलं.
ह्यांनी हात सोडला नाही.