बुडालेल्या बोटीची आठवी खिडकी

बुसुआंगा बेट, ८ मार्च

लिगाया ताईस धाकट्याचा नमस्कार,

होडी, तिचा तोल सांभाळणाऱ्या बांबूच्या दोन्ही उलांड्या, पाण्याखाली बघायचे सोळा लाकडी चष्मे आणि पायांत घालायच्या प्लायवूडच्या पंज्यांच्या अकरा जोड्या, हे सगळं मी स्वतःच्या हाताने केलं. कुणी शिकवलं नाही. चष्म्यात थेंब शिरत नाही.

बुडालेल्या बोटीवर रोज पाहुणे येतात. ओहोटीला तिचं टोक पावणेदोन हात खोल असतं. बाकीचे होडीवाले दोन सांगतात, ते चूक आहे. उतरताना मी बाबांसारखंच तिथल्या बुडालेल्यांना "जरा वाट द्या" म्हणतो. पाहुणेही म्हणतात, हसत हसत.

सगळ्यांना ती पितळी गोल खिडकी बघायची असते. आठांतली तेवढीच उरली. बाकीच्या सात बाबांनी काढून विकल्या आणि आपलं घर बांधलं, तुला आठवत असेल.

आईचा खोकला कसा आहे? वादळात छप्पर उडालं तिथे ताडपत्री टिकली ना? दोरीला दुहेरी गाठ मार. माझा डावा कान बंद असतो, पण काळजी नको.

परवा मनिलाहून एक गृहस्थ ती खिडकी विकत मागायला आले. मी म्हटलं, "सात आम्ही नेल्या. आठवी त्यांची."

तेरेसिता चिडली. "मग त्या भुतांनाच सांग सासूबाईंचं छप्पर घालायला!"

छप्पर पावसाआधी मी येऊन घालीन. आईला यातलं सांगू नकोस.

तुझा,
रोहेलियो

ता. क. पत्र्यांना सत्तावन्न हजार लागतात, मी हिशेब केला आहे. ते गृहस्थ ऐंशी हजार पेसो देत होते. मी नाही म्हटलं.