सांभाळणाऱ्या बाईंसाठी चौदा सूचना

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७
आजपासून घराला शिस्त. ही जाऊन चार महिने झाले, नुसतं रडून चिमणी मोठी होणार नाही. सासूबाईंनी महिन्याची मुदत दिलीय: धड बाई ठेवा, नाहीतर नात माझ्याकडे. ऑफिसात चाळीस माणसं सांभाळतो मी! दोन वर्षांची पोर ती काय!

७.४०
मोजे घालू दिले नाहीत. मोज्यांवाचून काही अडत नाही.

बुधवार, ५
सूचना टाइप केल्या. चौदा. आम्हा ज्यूंच्यात दूध-मटण एकत्र चालत नाही, म्हणून दुधाची भांडी निळी, मटणाची लाल. शब्बाथला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, दिवा, गॅस, फोन बंद. ही सगळं न लिहिता करायची, कसं कोण जाणे. लॅमिनेट करून फ्रिजवर लावल्या. सासूबाई बघतच राहतील.

गुरुवार, ६
पहिली बाई आली. पोर आजारी पडली तर यातलं काय सोडायचं, म्हणे. कामाला लागायच्या आधीच सोडायची भाषा! कटाप.

रविवार, ९
दुसरी पसंत. एक प्रश्न नाही. चौदाही सूचना पाठ म्हणून दाखवल्या. चिमणी तिच्या कडेवर गेली ती माझ्याकडे येईना. लाघवी आहे पोर.

शुक्रवार, २१
मी चुकून दूध लाल पातेल्यात तापवलं. बाईंनी लगेच ओतून दिलं. तयार केलंय मी त्यांना.

रविवार, २३. हॉस्पिटल
काल शब्बाथ, लिहिलं नाही. मी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला होतो. घरी चिमणीला ताप चढला, आकडी आली. फोन समोर होता. बाईंनी उचलला नाही. सूचना नववी. पोरीला खांद्यावर टाकून धावत सिनेगॉगमध्ये आल्या. मी तेव्हा लोकांना माझ्या सूचना ऐकवत होतो. तिथेच असलेल्या सासूबाईंनी सिनेगॉगच्या ऑफिसचा फोन उचलून अॅम्ब्युलन्स बोलावली. शब्बाथला! वर मलाच म्हणाल्या, जीव वाचवायला सगळं मोडायचं असतं, आपल्या पोराटोरांना ठाऊक आहे, तुम्ही लिहिलंत काय?
चूक बाईंची. अक्कल नको? तसं सांगितलंही. खूप रडल्या.

मंगळवार, २५
चिमणी थोडं खातेय. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर... पुढचं मी ऐकलं नाही.

शुक्रवार, २८
सासूबाई चिमणीला घेऊन गेल्या. बाईंनाही नेलं. तात्पुरतं आहे. चिमणीने वळून पाहिलं नाही, झोप आली असेल. पंधरावी सूचना टाइप केली: जिवावर बेतलं तर वरच्या चौदाही मोडाव्यात.
दुपारी फोन आला. माझी जुनी जाहिरात वाचून एक बाई विचारत होत्या, मूल केवढं आहे? म्हटलं, दोन वर्षांचं. त्यांनी विचारलं, कधीपासून येऊ?
कळवतो म्हणालो.