दीपकचा फिका चहा

रिसाली, मंगळवार संध्याकाळ

बायकोचा मावसभाऊ दीपक आज विम्याचा फॉर्म घेऊन आला. मोठा एजंट म्हणे. "मधुमेह आहे का?" या रकान्यात त्यानं मले न विचारताच "नाही" लिहून टाकलं. मी म्हटलं, "अरे, आठ वर्षांपासून गोळ्या खाऊन राहिलो. प्लांटच्या दवाखान्यात सगळी नोंद हाय."

तर म्हणते, "भाऊजी, इतकं कोण पाहते? खरं लिहाल तर हप्ता वाढन."

जशी मले अक्कलच नाही. उद्या मी मेलो अन् कंपनीनं तीच नोंद काढून बायकोले रिकाम्या हातानं परत पाठवलं, तवा हा कुठं सापडन?

तेवढ्यात बायकोनं चहा टाकला. हा बसल्या जागेवरून म्हणते, "ताई, माझा फिका."

फिका. मी विचारलं, "तुले कावून फिका?"

"मले बी शुगर हाय ना, भाऊजी."

"मंग तुह्या फॉर्मात काय लिहिलं?"

चहा आला, तो फुंकता फुंकता बोलून गेला, "हो लिहिलं. बायको-पोरं हायेत ना मले."

सही केली नाही. त्याले बायको-पोरं हायेत. म्हंजे मी सडाफटिंग.