स्वरूपकडून आलेली पुस्तकं

रत्नागिरी,
रविवार, दुपार

प्रिय मृणाली,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना दुसरा उद्योग काय आहे? फोनच केला असता, पण फोनवर आपण दोघी 'जेवलीस का' आणि 'गोळ्या घेतल्यात का' याच्या पुढे जातच नाही. तू 'हो आई' म्हणतेस, मी 'बरं ठेवते' म्हणते, झालं. परवा संदेशचा फोन आला होता. तुझ्या भावाने काय सांगितलं ते शेवटी लिहिते. आधी वाचनालयाचं सांगते, त्याशिवाय पुढचं तुला कळायचं नाही.

यंदा आपल्या आंब्याच्या कलमांनी चांगला हात दिला. त्या पैशांतून नाक्यावरच्या वाचनालयाला स्वरूपच्या नावाने पुस्तकं घेऊन दिली, एवढं तुला माहीत आहे. तिथे योगिनी नावाची नवी ग्रंथपाल आलीय, चुणचुणीत पोरगी. मी आपली चार जाडजूड कादंबऱ्या देऊन मोकळी होणार होते. ती म्हणाली, काकू, तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना मिळतील अशी द्या ना. मला ते फार आवडलं. मग मी कुणाचं ऐकते होय? स्वरूपच्याच एकेका वयाप्रमाणे पुस्तकं निवडत गेले. जाड पुठ्ठ्याची चित्रांची घेतली, कारण हा मुलगा पुस्तक वाचण्याआधी खायचा. मग माशांची, जहाजांची, दुर्बिणीतून बघायच्या ताऱ्यांची. मग यंत्रं उघडून दाखवणारी, जी वाचून त्याने आपला मिक्सर उघडला होता आणि परत लावताना दोन स्क्रू उरले होते. मग स्वयंपाकाची, कारण बोटीवरच्या जेवणाला कंटाळून तो तिथे कुळथाची पिठी करायला शिकला होता. तुमचं लग्न झालं त्या वयाची घेतली, सानवी झाली त्या वयाची घेतली. मृणाली, मी तिथे थांबले नाही. चाळिशीची घेतली, पन्नाशीची घेतली, बागकामाची घेतली. शेवटी म्हाताऱ्यांसाठी मोठ्या टायपातली घेतली. नाकावर चष्मा ओढून पडवीत पुस्तक वाचत बसलेला स्वरूप मला समोर दिसत होता. त्याचे पिकलेले केससुद्धा दिसत होते. फार दिवसांनी मी इतकी खुशीत होते.

देणगीच्या पुस्तकात पहिल्या पानावर चिठ्ठी डकवतात, तुला ठाऊक आहे. आपल्या वाचनालयात बहुतेक चिठ्ठ्या कुणा ना कुणाच्या 'स्मरणार्थ' असतात. कमिटीतले बाबू शिवलकर चाचरत विचारायला आले, कमळावहिनी, चिठ्ठीवर काय घालायचं? मी म्हटलं, घाला, स्वरूप दत्ताराम नागवेकर यांजकडून सप्रेम भेट. ते जरा वेळ टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि गेले. माझ्या तोंडाला कोण लागणार? चिठ्ठ्या छापून आल्या, डकवल्या गेल्या. वाचनालय झाडणाऱ्या यमुनाबाईंना नातवाने त्या वाचून दाखवल्या, तर त्या धावतच आपल्या अंगणात आल्या. "वयनी, स्वरूप आला काय वो? आमाला सांगितलंत पण नाय!" म्हणाल्या. मी म्हटलं, येईल. त्यांनी मान डोलवली आणि उगाच आपल्या अंगणातला पाचोळा गोळा करत बसल्या.

चार वर्षं मी हेच करत आले. पहाटेच्या पाळीला म्हणून केबिनमधून निघालेला माणूस इंजिनरूममध्ये पोचलाच नाही, एवढंच कंपनीने कळवलं. सगळी बोट शोधली, समुद्रात शोधलं. पुढे कागद आले, सरकारी दाखला आला. तू तो सही करून घेतलास, मी मानला नाही. ज्या पोराला भाट्याच्या खाडीतून बाहेर काढायला मला काठी घेऊन उभं राहावं लागायचं, त्याला पाणी काय करणार, असं मी ज्याला त्याला सुनावलं. तू कधी उलट बोलली नाहीस. मंगळसूत्र काढून ठेवू का, असं एकदाच विचारलंस, तेव्हा मी भरल्या ताटावरून उठले. त्यानंतर तू पुन्हा विचारलं नाहीस.

आता दिवाळीचं सांगते. सानवीला तू माझ्याकडे ठेवून गेलीस, तेव्हा वाचनालयात नव्या पुस्तकांची मांडामांड होती. लांब टेबलांवर वयाप्रमाणे पुस्तकं मांडलेली, दाराला झेंडूचं तोरण. पोरगी पहिलीत आहे, तिला सध्या दिसेल ते वाचायचा सोस. दुकानांच्या पाट्या वाचते, गोळ्यांची पाकिटं वाचते. तिने ऑक्टोपसाचं एक पुस्तक उघडलं आणि चिठ्ठीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, स्व-रू-प. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. सगळ्यांत बाबा. मग काय विचारतेस, कमरेवर हात ठेवून ती टेबलापाशी उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगत सुटली, ही सगळी माझ्या बाबाने पाठवलीयत, नीट धरा, पानं मुडपू नका. मी कौतुकाने बघत होते. योगिनी माझ्याकडे बघत होती, पण तिच्याकडे मी पाहिलं नाही.

संध्याकाळी मी तिला भात कालवून देत होते. तिने विचारलं, आजी, बाबाला एवढ्या सगळ्या मुलांना पुस्तकं पाठवायला वेळ आहे, मग मला फोन का नाही करत? मी भातावर तूप वाढलं. मग ती म्हणाली, मी त्याला आवडत नाही का? मी म्हटलं, असं कसं, बाबाचा तर तुझ्यावर फार जीव. तर ती म्हणाली, मग येत का नाही? पुस्तकं येतात, तो येत नाही. तो मुद्दाम येत नाही. मी घास पुढे केला, तिने तोंड फिरवलं. हौसेने घरी आणलेलं ते ऑक्टोपसाचं पुस्तक तिने दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत परत ठेवलं. त्याचं मला काही नको, माझी कट्टी आहे त्याच्याशी, म्हणाली. तू घ्यायला आलीस तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. तू विचारलंस, मी 'गोड जास्त झालं असेल' असं सांगून तुला वाटेला लावलं.

मृणाली, जो मुलगा तिकडून फोन करताना आधी 'सानूला द्या' म्हणायचा, त्याला मी त्याच्या पोरीच्या नजरेत टाकून जाणारा बाप केला. मी त्याला जिवंत ठेवायला बघत होते गं. पण जिवंत असून न येणारा बाप तिने काय म्हणून मनात ठेवायचा?

त्यानंतर मला झोप आली नाही की जेवण गेलं नाही. काल सकाळी चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ केली आणि वाचनालयात गेले. मी सांगितल्या तशा नव्या चिठ्ठ्या योगिनीने काही न विचारता छापून दिल्या. 'स्मरणार्थ' असं त्यांवर लिहिलं आहे. जुन्या चिठ्ठ्यांवर त्या एकेक करून मीच चिकटवल्या, कुणाला हात लावू दिला नाही. पुठ्ठ्याची पुस्तकं झाली, माशांची झाली, यंत्रांची झाली. हात चालत होता. मोठ्या टायपाच्या पुस्तकांपाशी आले आणि मला पुढे काही करता येईना. ते वय त्याला यायचंच नाही, हे मला त्या टेबलाशी उभं राहून कळलं. मी तिथेच खाली बसले आणि रडले. बातमी आली तेव्हा रडले नव्हते, तेव्हा तुला गप्प करत होते. यमुनाबाई झाडू ठेवून शेजारी येऊन बसल्या. "रडा वयनी," म्हणाल्या, "लय उशीर केलात." उरलेल्या चिठ्ठ्या मग आम्ही तिघींनी लावल्या.

आता संदेश काय म्हणाला ते. चिपळूणच्या त्या गौरवने तुला मागणी घातलीय, माणूस सरळ आहे, सानवी त्याच्याशी गप्पा मारते, आणि तू नाही म्हणतेस. का, तर आई वाट बघतायत, मी कुठल्या तोंडाने हो म्हणू. पोरी, हे पत्र त्यासाठी आहे. स्वरूप गेला. तो येणार नाही. हे मी अजून कुणापुढे तोंडाने म्हटलेलं नाही, तुला पहिल्यांदा लिहिते आहे. सानवीला मी स्वतः येऊन सांगेन. बाबा मुद्दाम थांबला नाही, जमलं असतं तर तो पोहत आला असता, असं तिला मांडीवर घेऊन सांगेन. तू गौरवला हो म्हण. लग्नाला मी येईन, आणि तुझी आई नाही, तर तिच्या जागी बसेन. खरं सांगू? तो गेला असं मानलं तर तुम्ही दोघी माझ्या कोण उरता, याचंच मला भय होतं. तेव्हा एवढं एकच विचारते, आणि याचं उत्तर फोनवर नको, लिहून पाठव. मे महिन्याच्या सुट्टीत सानवीला माझ्याकडे पाठवशील ना?

तुझीच,
आई