लालबागच्या फुलांची कॅसेट

वसू,

मी पीथमपूरच्या कारखान्यांत काम बघायला चाललोय, दिवे लागायच्या आत येतो. तुझा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून लालबाग राजवाड्याच्या बागेतली रानफुलं व्हिडिओ कॅसेटमध्ये भरून आणलीत. बटण दाब अन् पलंगावरूनच हिंड. टाकळ्याला मी ‘महाराणींचा खास गुलाब’ म्हटलंय, ती थाप, फेकलंय.

माझी मिल चालू आहे, हे पण फेकलेलंच. राखीपासून फाटकाला कुलूप आहे. तोंडावर बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, "चल, नौटंकी नको." म्हणून स्वतः बघ. फुलांच्या मागे डबे उघडून बसलेत, ते आमच्या मिलमधलं अख्खं खातं आहे, रोज घरून कामाला म्हणून निघालेलं.

शेजारच्या मंजिरीवहिनी आल्या तर टीव्ही बंद कर. त्यात त्यांचा मुलगा श्रीरामही आहे. त्यांनी आज सकाळीही त्याला डबा भरून दिलाय.

दिनानाथ